सामुराई आणि खाडीचं मीठ

तुमच्या गळ्यातली गाठ काढून झाली असेल आणि डॉक्टरांनी 'आता काही दिवस एका खोलीत एकट्यानं राहायचं' असं सांगितलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. औषधांची नावं आणि रिपोर्टमधले आकडे इथे सापडणार नाहीत. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्यांची फी तुम्ही भरलेली आहे. तिथे कसं वाटतं, एवढंच मी सांगतो. मला ते आधी कोणी सांगितलं नाही.

मी कोण, ते आधी सांगतो. कल्याणच्या बाजारात माझा फळांचा गाळा आहे. गावाहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गाळ्यावर पेट्या उचलायचो. पुढे स्वतःचा गाळा केला तो आवाजाच्या जोरावर. मी बाजाराच्या एका टोकाला ओरडलो की दुसऱ्या टोकाचा माणूस भाव खाली आणायचा, असं लोक म्हणतात. लोक थोडं वाढवून सांगतात, पण थोडंच. आमच्यातले जुने आंबेवाले रुमालाखाली हात घालून भाव करायचे. समोरच्याचं एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. तोंडानं शब्द नाही. मी ती भाषा शिकलो, पण मला ती कधी आवडली नाही. भाव करायचा तर चारचौघांत, ओरडून करावा.

अल्बम

लग्नाला वर्ष झालं म्हणून माझी मुलगी ऋतू डोंबिवलीला आमच्याकडे आली होती. दिवस गेल्याची बातमी घेऊनच आली होती, त्यामुळे घरात पेढे होते. माझी बायको सुमन लग्नाचा अल्बम काढून बसली. ऋतूनं एका फोटोवर बोट ठेवलं.

"बाबा, तुमच्या गळ्याला हे काय आहे?"

"हार आहे."

"हाराच्या वर."

"वय आहे."

ती उठली, माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "थुंकी गिळा." मी गिळली. तिच्या बोटांखाली काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. ती हसायची थांबली.

सुई घालून झाली, तपासणी झाली, आणि ठाण्यातल्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी सरळ उच्चारला, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मग म्हणाल्या, "पण त्यातल्या त्यात हा चांगला कॅन्सर आहे."

"मॅडम, मी फळवाला आहे. नासक्या पेटीतला त्यातल्या त्यात चांगला आंबा मी रोज विकतो. काय सांगून विकतो, तेही मला माहीत आहे."

त्या हसल्या. "मी विकत नाहीये, सांगतेय. ऑपरेशन करावं लागेल."

"जूनमध्ये करू. हंगाम संपू दे."

"एप्रिल."

"मे अखेर."

"एप्रिल."

एकाच आकड्यावर उभं राहणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला होता.

खाली उतरताना लिफ्टमध्ये सुमननं माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं बाहेर कधी माझा हात धरलेला नाही. तेव्हाही हात धरला नाही, बाहीच धरली. मी ती सोडवली नाही.

आवाज

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो आणि सुमनला हाक मारली. मारली असं मला वाटलं. ती माझ्या उशाशी बसून वाटी पुसत होती आणि पुसतच राहिली. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा जो आवाज निघाला तो कोणीतरी सुकलेला पाला तुडवल्यासारखा होता. मी दरवाजाकडे बघितलं, दुसरं कोणी बोललं की काय म्हणून.

आवाजाची नस ताणली गेलीय, परत येईल, असं मॅडम म्हणाल्या. किती परत येईल? त्यावर त्या म्हणाल्या, "थांबू या." या आजारात तुम्ही हे 'थांबू या' फार ऐकाल.

तो सगळा आंब्याचा हंगाम गाळा सुमननं चालवला. ती गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणायची, 'पाणी घेता का' विचारायची. मी घरी पडून तिच्यावर चिडायचो, आणि चिडायलाही आवाज नव्हता. वाटी आपटायचो. एकदा ती म्हणाली, "ती स्टीलची आहे, फुटणार नाही. काचेची देऊ का?"

मीठ

आता विहीणबाई. ऋतूच्या सासूबाई ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहतात. घराणं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं. खाडीकाठी त्यांची मिठागरं होती, मग जमिनीला भाव आला आणि इमारती उभ्या राहिल्या. यजमान गेल्यापासून घर त्यांच्या शब्दावर चालतं. बाई मनानं मोठ्या आहेत, हे मी नाकारत नाही. पण लग्नाच्या बोलणीत मी 'आमच्याकडे असं करतात' म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडं म्हंजे कुठं? तुम्ही तर आत्ता आलाव." पंचवीसेक वर्षं झाली होती मला इथे येऊन.

ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीनची ती कॅप्सूल घ्यायची असते, जिच्यासाठी ती खोली असते. त्याआधी काही दिवस थायरॉइडची रोजची गोळी बंद होते आणि खाण्यातून आयोडीन बंद होतं. मॅडमनी मला समजेल असं सांगितलं: गळ्यातल्या उरलेल्या पेशी आयोडीनच्या भुकेल्या असतात. त्यांना उपाशी ठेवायचं, आणि मग विष घातलेला घास द्यायचा. गोळी बंद झाली की माणूस जड होतो. जिना चढताना मध्येच थांबतो, शब्द आठवत नाहीत, मे महिन्यात थंडी वाजते. घाबरू नका, ते तसंच असतं.

विहीणबाईंनी हे ऐकलं आणि जावयाच्या, म्हणजे निखिलच्या हाती एक बरणी पाठवली. खड्याचं करडं मीठ. फोनवर म्हणाल्या, "कंपनीचा मीठ बंद केलाय ना डॉक्टरनी? मंग हा घ्या. आमच्या खाडीचा हाय, यात कायबी मिसळलेला नाय."

सुमनला पटलं. मलाही पटलं, हे लिहायला हवं. आम्ही ते खाल्लं आणि खूश होतो. खोलीत जायच्या आधीच्या तपासणीत मॅडमनी सहज विचारलं, "मीठ कुठलं वापरता?" सुमननं अभिमानानं सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. समुद्राचं मीठही चालत नाही, हे आधी सांगितलेलं होतं. आम्ही 'समुद्राचं मीठ' म्हणजे दुकानातलं काहीतरी समजलो होतो. खाडी आमच्या डोक्यात आलीच नाही. त्यांनी जोखीम घेतली नाही. गोळी पुन्हा सुरू, मग पुन्हा बंद, पथ्य पहिल्यापासून. त्या खोल्या थोड्या आणि रांग मोठी. पुढची मोकळी तारीख मिळाली ती ऋतूच्या नवव्या महिन्यातली.

आणि कॅप्सूल घेऊन घरी आलेल्या माणसानं गरोदर बाईपासून, तान्ह्या मुलापासून काही दिवस लांब राहायचं असतं.

डोहाळजेवण

पहिलं बाळंतपण माहेरी. मी तिच्यासाठी आतली खोली रंगवून घेतली होती. फिका पिवळा रंग. पाळण्यासाठी छतात कडी बसवली होती, मिस्त्रीला दोनदा लोंबकळायला लावून तपासली होती.

सातव्या महिन्यात ठाण्याला डोहाळजेवण झालं. हॉल भरलेला, ऋतू फुलांचे दागिने घालून बसलेली. तिथे विहीणबाईंनी सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "पोरीचा बाळंतपण आमच्याकडंच करू. तिच्या बाबांच्या अंगातून ते किरणं निंगणार. डोंबिवलीला कशी धाडू?"

त्यांचं बोलणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं. म्हणूनच माझं डोकं फिरलं. तुमचंच मीठ, आणि आता माझीच लेक तुमच्याकडे? मी उठून उभा राहिलो आणि बोललो. मोठ्यानं बोललो. हॉलमध्ये एक खरखर उमटली आणि विरली. बाजूची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बापाचा जीव भरून आला गं." कोणीतरी मला पाणी आणून दिलं.

त्या दिवशी मी मनात एक वाक्य तयार करायला घेतलं. विहीणबाईंना ऐकवायचं. त्यात मीठ होतं, माझी लेक होती, आणि शेवटी असा शब्द होता की पुढे दोन घरांचं येणंजाणं उरलं नसतं. बाजारात मी अशी वाक्यं पुष्कळ बनवली आहेत. हे सगळ्यांत चांगलं होतं.

गुहा

खोलीत जायच्या आधी ऋतूचा फोन आला.

"बाबा, तिथे दिवसभर काय करणार तुम्ही?"

"बसणार. कोंडलेल्या माणसानं काय करायचं असतं?"

लहानपणी ती डोंबिवलीत शाळेच्या मैदानावर कराटेला जायची. तिथले सर मुलांना गोष्टी सांगायचे. त्यातली एक तिनं मला सांगितली. जपानात पूर्वी एक सामुराई होता. तलवारीला त्याच्याइतका कोणी नव्हता, एकही लढाई हरला नाही म्हणतात. तो म्हातारपणी सगळं सोडून डोंगरातल्या एका गुहेत एकटा राहायला गेला. तिथे त्यानं स्वतःला नियम घालून घेतले.

"कोणी हाकललं का त्याला?"

"नाही. आपणहून गेला."

"येडा होता."

"बाबा."

"बरं, मग नियम पाळतोय की नाही, हे बघायला गुहेत कोण होतं?"

"कोणीच नव्हतं. तेच तर."

मी हसलो. पण ते 'तेच तर' माझ्या डोक्यातून जाईना. मी आयुष्यात जे काही केलं ते कोणीतरी बघत असताना केलं. बघायला कोणी नसेल तर मी काय करतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

खोली

तुमचं सामान आत गेलं की लगेच बाहेर येत नाही, म्हणून जुने कपडे न्या. मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला, पाण्याच्या बाटल्या, आणि माझ्याच गाळ्यावरची लिंबं. आंबट चोखत राहा असं तिथे सांगतात.

कॅप्सूल एका तंत्रज्ञानं ढकलगाडीवरून आणली. शिशाचं जाडजूड भांडं, त्याच्या आत आणखी एक भांडं, त्याच्या आत एक नळी, आणि नळीत ती. शेंगदाण्याएवढी. इतक्या कोंदणात मी सोनंसुद्धा ठेवलेलं पाहिलं नाही. तो लांबून म्हणाला, "काका, तोंडात टाका, वर भरपूर पाणी." मी गिळली. कसलीच चव नव्हती. तो मागे सरकला आणि दार लागलं. दार जड होतं, पण आवाज झाला नाही.

भीती वाटली का? वाटली. पहिल्या दुपारी मी नुसतीच बेल दाबली. भिंतीतल्या स्पीकरमधून नर्सचा आवाज आला, "काय हवंय, आजोबा?"

"काही नको."

"मग आराम करा हं, आजोबा."

आजोबा म्हटल्याचा राग आला. तो राग घेऊन मी कॉटवर बसलो आणि माझं वाक्य काढलं. विहीणबाईंचं. शब्द इकडचा तिकडे करून पाहिला, आणखी टोकदार केलं. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी गुहेत तलवार घेऊन आलोय आणि समोर कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी नियम घातले. मोठे काही नाहीत. उठल्यावर चादर ताणून घालायची. आंघोळ ठरल्या वेळी. पाण्याची बाटली संपली की दुसरी लगेच उघडायची. जेवताना फक्त जेवायचं. फोन दिवसभर बंद, सुमनशी बोलण्यापुरता चालू. आणि ते वाक्य काढायचं नाही.

लगेच सौदेबाजी सुरू झाली. चादर कशाला, रात्री पुन्हा चुरगळणारच आहे. आंघोळ दुपारी करू. फोन पाच मिनिटं बघितला तर काय बिघडतं. बाजारात समोरच्याचे असले डाव मी तोंड उघडायच्या आत ओळखतो. इथे विकणारा मीच होतो आणि घेणाराही मीच. मी कोणालाही उल्लू बनवू शकतो, पण मी सगळ्यांत सहज कोणाला बनवतो ते त्या दिवशी दिसलं. मग मला मॅडम आठवल्या. एप्रिल. मी उठून चादर ताणली.

यानंतर जे झालं ते कसं लिहावं, मला नीट कळत नाही. खोली बदलली नव्हती, तरी ती मोठी झाली. खिडकीच्या काचेतून ऊन आलं की कॉटला टेकून ओळीनं ठेवलेल्या बाटल्यांमधून जायचं आणि छतावर पाणी हलताना दिसायचं. मी श्वास घेतला, कॉट हलली, की छतावरचं पाणीही हलायचं. मी किती वेळ बघत होतो माहीत नाही. मला पुढे कुठे जायचं नव्हतं, आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं.

लिंबू घ्या. किती पोती विकली असतील. त्या दिवशी फोड जिभेवर ठेवली आणि तोंडात जिथून तिथून पाणी सुटलं, कानापाशी कळ आली. एवढं पाणी माझ्या आत कुठे होतं? इतकी वर्षं मी लिंबाचा भाव केला आणि लिंबू मला माहीत नव्हतं.

तो तंत्रज्ञ रोज मीटर घेऊन दाराशी यायचा. जमिनीवर पट्टी लावलेली होती, त्या पट्टीवर मी उभा राहायचो. मीटर तडतडायचं. तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखं, पण फार वेगानं.

"हे माझं?" मी खरखरत विचारलं.

"तुमचंच, काका. बाकी इथे कोण आहे?"

"ती आत जाऊन करते काय?"

"रक्तातून फिरते आणि गळ्यातल्या त्या पेशींपाशी जाऊन बसते. कुठेही लपलेल्या असू देत, शोधते."

बाजारात पहाटे शंभर हमाल गर्दीतून धावत असतात आणि प्रत्येक पाटी आपल्याच गाळ्यावर उतरते, ते बघताना मला नेहमी नवल वाटायचं. हे त्याहून मोठं होतं. आतमध्ये एवढी धावपळ चालली होती आणि मला टिचकीएवढंही जाणवत नव्हतं. मी तळहात छातीवर ठेवला. ऊब होती, रोजचीच. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि माझ्याजवळ यायला माणसं घाबरत होती. मी जन्मभर ओरडलो तेव्हा इतकं कोणी मागे सरकलं नव्हतं. मला त्या शरीराची भीती वाटली नाही. त्याच्यासमोर नीट पाठ ताठ करून बसावं, असं वाटलं. मी तसा बसलो. तो म्हातारा गुहेत का गेला असेल, त्याचा मला थोडा अंदाज आला. तिथे बघायला कोणी नसतं, हे खरं नाही. तिथे आपण असतो.

मी तंत्रज्ञाला म्हणालो, "आज सोडा ना. बरं वाटतंय."

"मी नाही सोडत, काका. हा सोडतो," त्यानं मीटर दाखवलं. "याच्याशी घासाघीस चालत नाही."

रोज तडतड थोडी विरळ होत गेली. त्यासाठी मी काहीच करत नव्हतो. पाणी पीत होतो, चादर घालत होतो. एका दुपारी जेवण झाल्यावर लक्षात आलं की सकाळपासून ते वाक्य मला आठवलेलंच नाही. मी घाबरून आत शोधलं. होतं, जागच्या जागी. मी ते तिथेच ठेवलं.

कडी

घरी आलो तरी मला वेगळी खोली लागणार होती. रिकामी एकच होती. ऋतूसाठी रंगवलेली.

फिक्या पिवळ्या भिंती आणि वर पाळण्याची कडी. मी कडीखाली झोपायचो. सुमन दाराबाहेर ताट ठेवून मागे सरकायची आणि म्हणायची, "बाळंतीण जेवली का?" खोलीचे नियम मी तिथेही पाळले. पाळताना चिडायचो, पण पाळले.

ऋतू मोकळी झाली तेव्हा मी तिथेच होतो. फोन विहीणबाईंनी केला, व्हिडिओवर. पडद्यावर आधी छत दिसलं, मग त्यांचा कान, मग दुपट्यातला एक लाल चेहरा.

"मुलगी हाय. नाक बघा, तुमच्यावर गेलाय, बिचारीचा."

मी स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला.

"बारसा तुमी आल्याबिगर नाय करायचा," त्या म्हणाल्या.

"बाराव्या दिवशी उरकून घ्या. माझ्यासाठी थांबू नका."

"बारावा दिवस काय कुठं पलून चाललाय? डॉक्टर हो म्हनला की या."

फोन ठेवल्यावर मी सुमनला म्हणालो, गोड बोलून भाव पाडायची ही जुनी पद्धत आहे. सुमन दाराबाहेरून म्हणाली, "जरा गप बसा. आत्ताच शिकून आलात ना?"

मधल्या दिवसांत गाळ्यावर जायची परवानगी मिळाली. आवाज अर्धाच परतला होता. नाशिकचा एक डाळिंबवाला आला, त्यानं भाव सांगितला. ओरडायला आवाज नव्हता, म्हणून मी पाठ ताठ करून त्याच्याकडे बघत बसलो. त्यानं भाव खाली आणला. मी तरी गप्प. त्यानं आणखी खाली आणला आणि विचारलं, "शेठ, काय राग आहे का?" सुमन मागे हिशेब करत होती, ती वहीत तोंड घालून हसली.

टेंभी नाका

मॅडमनी बाळाला घ्यायला हरकत नाही असं सांगितलं, आणि निखिल गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. शिळफाट्याला आम्ही बराच वेळ अडकलो. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत ती मिठाची बरणी. अर्धीअधिक भरलेली होती. ती मी विहीणबाईंना परत करणार होतो आणि परत करताना ते वाक्य बोलणार होतो. नियम खोलीपुरता होता, असं मी स्वतःला पटवलं होतं. कोणाचा डाव होता ते तुम्ही ओळखलं असेल.

टेंभी नाक्याला नवरात्राच्या मांडवासाठी टेम्पोतून बांबू उतरत होते. ठोकाठोक, ढोलवाल्यांचा सराव. वर घर पाहुण्यांनी भरलेलं. विहीणबाई दारात आल्या, माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि पिशवी हातातून घेतली.

"काय आनलाव?"

त्यांनी बरणी बाहेर काढली. ओळखली. खोलीतल्या बायका बघत होत्या. त्यांचा चेहरा उतरला. तो मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. "ह्याच्यापायी तुमचा खोलंबा झाला," त्या हळू म्हणाल्या. "मला सुमनताईंनी सांगितला. मी तवापासून हा मीठ घरात वापरला नाय."

मी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, अर्ध्या आवाजात बोललो असतो तरी पुरलं असतं.

"बाबा, बसा आधी," ऋतू म्हणाली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

मी हात दुपट्याखाली घातला, मानेला आधार द्यायला. दुपट्याखाली एक हात माझा हात शोधत आला आणि त्यानं माझं एक बोट धरलं. घट्ट.

बाजारातल्या भाषेत, एक.

एक म्हणजे किती, शेकडा की हजार, हे आधीच्या बोलण्यावरून कळतं. आमचं आधी काही बोलणं झालेलं नव्हतं. तिनं भाव सांगितला होता आणि सोडत नव्हती. मी घासाघीस केली नाही. मी तिच्या हातात बोट तसंच ठेवलं, हो म्हणायची आमच्यात हीच रीत आहे.

वर बघितलं तेव्हा विहीणबाई अजून बरणी घेऊन उभ्या होत्या.

"ठेवा ते मीठ," मी म्हणालो. "बाळाची दृष्ट काढायला लागेल."

त्यांनी लगेच मूठभर खडे घेतले, मोहऱ्या घेतल्या, बाळावरून ओवाळून निखाऱ्यांवर टाकल्या. मीठ तडतडलं. तोच आवाज. पट्टीवर उभं राहून मी रोज ऐकायचो तो. तडतड आधी दाट होती, मग विरळ झाली, मग थांबली. मग त्यांनी दुसरी मूठ घेतली.

"तुमची पन काढते. तुमची तर पयली काढाया पायजे होती."

मी ताठ बसून काढून घेतली.

आता बाजार भरायच्या आधी मी गाळ्यावर थोडा वेळ एकटा बसतो. फोन बंद असतो, समोर एक लिंबू असतं. हमाल म्हणतात शेठ ध्यान करतात. करू देत काय म्हणायचं ते. ते वाक्य मी टाकलेलं नाही. बरं झालो म्हणून माणूस साधू होत नाही. कधी कधी सकाळी ते काढून बघतो. धार अजून आहे. मग परत ठेवतो, आणि चादर घालून आलोय ना, एवढं आठवून बघतो.